चौतीस किलोंचा आवाज

हाडांचा डॉक्टर वयानं लहान होता आणि लहान डॉक्टरांना स्पष्ट बोलायची फार हौस असते. त्यानं कमरेचा एक्स-रे उजेडावर धरला, दोन मणक्यांच्या मधोमध पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाला, "आजपासून पंधरा किलोंच्या वर काहीही उचलायचं नाही. पण तुमचं तर चष्म्याचं दुकान आहे ना? तुम्ही उचलता तरी काय?"

उत्तर चष्मेवाल्याच्या बायकोनं दिलं. "कपाट उचलतात. दर रविवारी. त्याला हे अ‍ॅम्प म्हणतात."

गिटारचा आवाज मोठा करणारं ते कपाट चौतीस किलोंचं होतं. आत लोखंडाचे दोन ठोकळे, दोन जाडजूड स्पीकर आणि काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे, तापले की नारिंगी उजळणारे. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या नाकांवर चष्मे बसवणारा हा गृहस्थ रविवारी दुपारी एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर जाझ गिटार वाजवायचा. गेली बावीस वर्षं. ड्रमवर त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. उभ्या बेसवर, म्हणजे माणसाएवढ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, दातांची डॉक्टरीण. समोर सूप पिणारी माणसं.

जेवणघरापर्यंत शेहेचाळीस पायऱ्या होत्या आणि लिफ्ट एकच, तीही ताटांची. ड्रम हॉटेलचेच होते. बेस डॉक्टरीण स्वतः आणायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. उरला अ‍ॅम्प. तो एकदा तिथंच ठेवून पाहिला, तर आठवडाभर वेटरांनी त्याच्यावर सुपाचं पातेलं ठेवलं. म्हणून तो दर रविवारी वर जायचा आणि खाली यायचा. गेली बारा वर्षं त्याची एक बाजू चष्मेवाला धरायचा आणि दुसरी मेव्हणा. या बारा वर्षांत मेव्हण्यानं एकदाही तक्रार केली नव्हती, आणि हे नवलच होतं, कारण बाकी सगळ्या बाबतींत कुरकुर हाच त्याचा मुख्य धंदा होता. घड्याळं दुरुस्त करायचं काम तो सवडीनं करायचा.

आता मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याच आठवड्यात चष्मेवाल्याची कंबर धरली. हॉटेलच्या मालकानं मोठ्या मनानं तीन रविवारांची सुट्टी दिली. चौथ्या रविवारी तिघं उगवली नाहीत, तर त्याच्या पाहण्यात एक कीबोर्डवाला होता. तो ड्रम आणि बेस दोन्ही यंत्रातून काढायचा, आणि यंत्र जेवायला मागत नाही, असं मालक दोनदा म्हणाला.

"मग हलका अ‍ॅम्प घ्या," बायको म्हणाली.

"हलका अ‍ॅम्प म्हणजे हलका आवाज," चष्मेवाला म्हणाला. "माझा आवाज त्या पेटीत आहे. तो मिळाला तर वाजवीन. नाही मिळाला तर गिटार विकून टाकीन आणि रविवारी घरात बसेन."

रविवारी नवरा दिवसभर घरात, या विचारानंच बायको उठली. तिनं पर्स उचलली.

त्या आवाजाबद्दल चष्मेवाल्याला किती गर्व होता, हे त्याच्या गिऱ्हाइकांना विचारावं. पहिली दहा वर्षं जेवणघरात कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. मग एका रविवारी अचानक लोकांनी चमचे खाली ठेवले. एक म्हातारी उठून जवळ येऊन बसली. तेव्हापासून लोक ऐकायला येऊ लागले. "हात पिकायला दहा वर्षं लागतात," असं तो डोळे तपासायला आलेल्या माणसाला सांगायचा, आणि त्या बिचाऱ्याची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली असल्यामुळे त्याला पळताही यायचं नाही.

वाद्यांच्या दुकानात बायकोनं प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा सोबत नेला होता. दुकानदारानं तो पाहिला आणि जन्मात पहिल्यांदाच कुणी गिऱ्हाईक अ‍ॅम्प किलोवर घ्यायला आल्यासारखा चेहरा केला. पहिली पेटी आठ किलोंची होती, पण तिच्यात व्हॉल्व्ह नव्हते. चष्मेवाल्यानं तिच्याकडं इस्त्रीकडं पाहावं तसं पाहिलं आणि पुढं गेला. दुसरी अकरा किलोंची, व्हॉल्व्हची. तिच्यात त्यानं गिटार लावली, सहाही तारांचा एक भरघोस कॉर्ड वाजवला, आणि पेटी गुरगुरली.

"पंधरा वॅटची आहे सर," दुकानदार म्हणाला. "जोर लावला की आवाज फाटतो. पोरांना तेच हवं असतं."

"मला पोर व्हायचं नाही. मला जाझ वाजवायचंय. आवाज मोठा झाला तरी स्वच्छ राहिला पाहिजे."

"मग ही बघा. चाळीस वॅट. पेटी हलक्या लाकडाची, स्पीकरचं चुंबक नव्या धातूचं, म्हणून वजन कमी."

बायकोनं काटा अडकवला. साडेतेरा किलो. तिनं सुटकेचा श्वास सोडला. चष्मेवाला मात्र पेटीच्या मागं गेला, वाकला, कळवळला, आणि जाळीतून मोठे व्हॉल्व्ह मोजले.

"दोनच आहेत," तो म्हणाला.

"दोनच असतात सर यात."

"माझ्यात चार आहेत. चाराचं काम दोन काय करणार?"

"वाजवून तरी बघा!" बायको म्हणाली.

"वाजवायची गरज नाही. मला बघून कळतं."

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना काचा बदलून बदलून वीस वेळा विचारलं, हे स्पष्ट की ते, तो स्वतःच्या बाबतीत न वाजवताच निकाल देऊन मोकळा झाला. दुकानदारानं वायर गुंडाळली. बाहेर आल्यावर बायको दोन चौक एक शब्द बोलली नाही, आणि तीस वर्षांच्या संसारात हे दोनदाच घडलं होतं.

शेवटचा उपाय म्हणजे दुरुस्तीवाली. जुन्या पेटीची दोन खोकी करायची, एकात यंत्र, एकात स्पीकर, म्हणजे दोन खेपांत वर नेता येईल, अशी त्याची अक्कल चालली होती. पेटी वर्षानुवर्षं एका म्हाताऱ्या कारागिराकडं जायची. त्याचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान त्याची मुलगी चालवत होती. ही चाळिशीची बाई, कपाळावर भिंग बांधलेली, तोंडात स्क्रू. शेजारच्या दुकानातल्या हमालानं पेटी तिच्या टेबलावर चढवली. तिनं मागची जाळी काढली आणि ती थांबली.

"काका, बाकीचे दोन व्हॉल्व्ह कुठं आहेत?"

"कुठले दोन?"

"मोठे चार पाहिजेत. दोनच आहेत. बाजूच्या खाचा रिकाम्या. धूळ बघा किती."

चष्मेवाल्यानं वाकून पाहिलं. ही पेटी त्यानं बावीस वर्षं अंगाखांद्यावर वागवली होती, पण तिची जाळी एकदाही काढली नव्हती; घेताना चार व्हॉल्व्ह मोजले तेवढेच. आतलं काम कारागिराचं, आपण हात घालायचा नाही, असा त्याचा दंडक होता.

"थांबा, बाबा आत लिहून ठेवतात," मुलगी म्हणाली. जुन्या कारागिरांची ही रीतच असते. काय काम केलं ते पेटीच्या आतल्या फळीवर पेन्सिलीनं लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी शोधत बसावं लागत नाही. तिनं बॅटरी मारली आणि मोठ्यानं वाचलं. "बाहेरचे दोन व्हॉल्व्ह काढले. आवाजाच्या बटणाचा जोर आतून कमी केला. गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याच्या सांगण्यावरून. गिऱ्हाइकाला कळवू..."

पुढचा शब्द तिनं गिळला, पण चष्मेवाल्यानं भिंग मागितलं आणि तो स्वतः वाचला. नये. आणि तारीख. बारा वर्षांपूर्वीची.

बायको हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती नुसती म्हणाली, "म्हणजे मला तुमचं वाजवणं आवडायला लागलं, तेव्हाची गोष्ट."

"आधी आवडत नव्हतं?"

"आधी मी ताईकडं जायचे ना रविवारी."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. म्हातारी जवळ येऊन बसली तो रविवार, लोकांनी चमचे ठेवले तो रविवार, पिकलेला हात, सगळं त्याच महिन्यातलं. म्हणजे हात पिकलाबिकला नव्हता. कुणीतरी दोन बल्ब काढावेत तसं त्याला निम्मं केलं होतं, आणि तो निम्मा माणूसच लोकांना आवडला होता. इतकं वाईट त्याला कंबर गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"एक मात्र आहे," मुलगी हळूच म्हणाली. "तुमचा आवाज दोन व्हॉल्व्हचाच आहे काका. चाळीस वॅट. चारांचं लोखंड उगीच वाहत होता. दोन व्हॉल्व्हची हलकी पेटी घेतलीत तर अगदी हाच आवाज मिळेल."

बायकोनं पर्समधून वजनाचा काटा काढून टेबलावर ठेवला.

तिथून चष्मेवाला थेट मेव्हण्याच्या घरी गेला. मेव्हणा पोटावर उशी धरून कॉटवर पडला होता. आजूबाजूला उघडी घड्याळं पसरली होती.

"ओरडा," चेहरा पाहूनच तो म्हणाला. "पण मला हसवू नका भाऊजी. टाके आहेत."

"तुला माहीत होतं मी कशासाठी आलोय?"

"बारा वर्षं वाट बघतोय. त्या म्हाताऱ्याला मी सांगितलं होतं, लिहू नका म्हणून. म्हणाला, धंद्याची रीत आहे."

"का केलंस?"

मेव्हण्यानं उशी घट्ट धरली. "तुमची पेटी माझ्या डाव्या कानापाशी असायची. दहा वर्षं मला ड्रमवर फिरणारा माझा ब्रश ऐकू आला नाही. मी अंदाजानं वाजवायचो. डॉक्टरीण तर म्हणायची, मी बेस नुसता धरून उभी राहते, वाजवते की नाही मलाच माहीत नाही."

"मग मला सांगायचं!"

"तुम्हाला?" मेव्हण्याला हसू आलं आणि तो कळवळला. "सांगितलं होतं तीनदा. तुम्ही म्हणालात, ड्रमवाल्यांची रडगाणी ऐकायला मी येत नाही. म्हटलं, पेटी दुरुस्तीला गेलीच आहे, एका रविवारपुरतं करू, गंमत. आणि त्याच रविवारी तुम्ही जिना उतरताना रडत होतात. म्हणालात, आज माझा हात उघडला. मग कसं सांगणार? त्या दिवशी मी पेटीची एक बाजू धरली. म्हटलं, निदान ओझं तरी उचलू."

चष्मेवाला कॉटच्या कडेवर बसला. एक घड्याळ त्याच्याखाली सापडलं, ते त्यानं काढून बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला, "म्हणजे हात उघडला नव्हता."

"हात आधीपासून तसाच होता. गोड होता. मी बाजूला बसून बघायचो ना तुमची बोटं. पण तुमच्या त्या आवाजात तुम्हीच ऐकू येत नव्हता, भाऊजी."

हे चांगलं म्हटलं की वाईट, ते चष्मेवाल्याला ठरवता आलं नाही. पण घरी जाताना त्याला लाज वाटत होती, आणि ती दोन व्हॉल्व्हची नव्हती. मेव्हण्यानं सांगितलेल्या त्या तीन वेळांची होती. त्याला त्यातली एकही वेळ आठवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेतेरा किलोंची पेटी घरी आली. दुकानदारानं विचारलं, वाजवून बघणार का, तेव्हा चष्मेवाल्यानं दीड तास वाजवून बघितली आणि दुकानातल्या बाकी गिऱ्हाइकांना वैताग आणला.

चौथ्या रविवारी त्यानं ती एका हातानं शेहेचाळीस पायऱ्या वर नेली, मध्ये दोनदा थांबून. मागून मेव्हणा कठड्याला धरून चढला, रिकाम्या हातानं, आणि प्रत्येक पायरीवर कुरकुरला. जेवणघर भरत होतं. कोपऱ्यात मालक हाताची घडी घालून उभा होता. चष्मेवाल्यानं पेटी लावली, व्हॉल्व्ह तापू दिले आणि एक कॉर्ड वाजवला. तोच आवाज होता, गोल, उबदार, स्वच्छ. नव्या पेटीला आतून कुणी लगाम घातला नव्हता, त्यामुळे तो भिंतीपर्यंत भरून राहिला. चष्मेवाल्याची छाती फुगली. डॉक्टरिणीनं बेस उभा केला. मेव्हण्यानं ब्रश उचलले आणि सवयीनं मान खाली घातली.

चष्मेवाला सुरुवात करणार होता. पण तो थांबला आणि खुर्चीवर वळला. कमरेतून कळ गेली.

"तुला तुझं ऐकू येतंय का?" त्यानं विचारलं.

मेव्हण्यानं डॉक्टरिणीकडं पाहिलं. डॉक्टरीण बघतच राहिली.

"खरं सांगू?"

"सांग."

"कमी करा थोडं."

चष्मेवाल्याचे ओठ आवळले गेले. 'ड्रमवाल्यांची रडगाणी' पुन्हा जिभेवर आली होती. ती त्यानं गिळली, हात मागं नेला आणि बटण फिरवलं.

"आता?"

मेव्हण्यानं ब्रश हळूच फिरवला, कान दिला. "अजून थोडं."

"आता?"

"अजून."

"आता?"

मेव्हण्याचे डोळे भरून आले होते आणि एका हातानं त्यानं पोट धरलं होतं. ब्रश मात्र फिरत होता, आणि तो आता चष्मेवाल्यालाही ऐकू येत होता.