सतराव्या घाण्याची राखीव बरणी

अहो, जरा इकडे वर बघा. ऑफिसच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या फळीवर, ती मी बोलतेय. जर्दाळूच्या जॅमची बरणी. कपाळावर चिठ्ठी आहे: घाणा सतरावा, राखीव. झाकण घट्ट म्हणून आजवर गप्प बसले, पण आता जिवाची नुसती घालमेल चाललीय.

आमच्याकडे प्रत्येक घाण्यातली एक बरणी मागे ठेवायची असा नियम आहे. पुढे माल परदेशात कुठे अडला, तर ताडून बघायला हाताशी असावी म्हणून. माझ्या बाराशे बहिणी खोक्यांत बसून जहाजावर चढल्या आणि मी इथे राहिले. तेव्हा मला त्यांचा फार हेवा वाटला होता.

माझा जन्म शेजारच्या भटारखान्यातला. मध्ये एक मोठी काच आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. तिथे मावशीचं राज्य. तिच्या हाताखाली अकरा बायका. जॅम रटरटायला लागला की वर फिकट केशरी फेस चढतो. दुसरे लोक तो झाऱ्याने काढत बसतात, निम्मा जॅम त्याच्याबरोबर जातो. मावशी तसलं काही करत नाही. बोराएवढं लोणी बोटावर घेते, पातेल्याच्या कडेने सोडते आणि फेस मुकाट्याने खाली बसतो. तिच्या सासूची ही युक्ती. चाळीस वर्षं तिचं बोट ते आपोआप करत आलंय.

कागदपत्रं भाचीकडे. लेबलं, परवाने, तिकडच्या देशाचे फॉर्म, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघते. लेबल छापायच्या आधी ती वही घेऊन पातेल्यापाशी उभी राहिली होती.

"मावशी, नीट सांग गं, काय काय घालतेस? एकूण एक लिहावं लागतं."

"जर्दाळू, साखर, लिंबाचा रस. आणखी काय घालणार, माझं डोकं?"

भाची हसली आणि तीन नावं लिहून मोकळी झाली. मावशी खोटं बोलली नव्हती हो. तिच्या लेखी लोणी म्हणजे झाऱ्यासारखं, कामाची एक वस्तू. झारा कुणी लेबलावर लिहितं का?

मग एक दिवस तिकडे आमचा माल घेणाऱ्या व्यापारीणबाईंचा फोन आला. बंदरावर सतराव्या घाण्यातली एक बरणी तपासली होती. त्यात दूध सापडलं, आणि लेबलावर दुधाचं नाव नव्हतं. सगळा माल कुलुपात.

"परवापर्यंत लेखी कळवा," बाई म्हणाल्या. "दूध वापरत असाल तर सरळ सांगा, परवानगी काढून आम्ही नवी लेबलं चिकटवू. वापरत नसाल तर सही करून तसं द्या, पुन्हा तपासतील. पण ते खोटं निघालं तर माल नष्ट होईल, आणि तुमचा जॅम पुन्हा इथे उतरणार नाही."

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं गिऱ्हाईक नाही. हे दार बंद झालं तर अकरा बायकांनी जायचं कुठे?

मावशी मात्र चिडली. "माझ्या पातेल्यात दूध? त्यांची मशीनं तपासा म्हणावं. लिही तू बिनधास्त."

मी आतल्या आत आकांत करत होते. अगं, फेसाचं विचार तिला! एकदा फेसाचं विचारलंस तर ती पटकन सांगेल. पण फेसाची आठवण कुणाला होणार? भाचीने पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला, पाठवलं. मी बघत राहिले.

चार दिवसांनी भाची काहीतरी विचारायला भटारखान्यात गेली. पुढचा घाणा उकळत होता. मावशीचं बोट पातेल्याकडे गेलं.

"मावशी, काय टाकलंस ते?"

"कुठे काय? फेस बसवला."

"कशाने?"

"लोण्याने. नेहमीसारखा."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "लोणी कशाचं असतं गं?"

मावशीने बोटाला लागलेलं लोणी पदराला पुसलं. "पण मी ते जॅममध्ये नाही घालत," ती पुटपुटली, "फेसावर घालते."

भाचीने धावत येऊन बाईंना फोन लावला. उशीर झाला होता. दुसऱ्या तपासणीतही दूध निघालं होतं, आणि सहीचं पत्र खोटं ठरलं होतं. बाराशे बहिणी नष्ट करायचा हुकूम सुटला होता. बाई म्हणाल्या, "इथे काही मुलांना दुधाचा थेंब चालत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून एवढं सगळं."

मावशीने फोन ओढून घेतला. "बाई, आणि मागच्या वर्षीची खेप? ती तर कुणी तपासली नव्हती."

बाई म्हणाल्या, "ती विकली गेली."

आता भटारखाना बंद आहे. बायका घरी बसल्या आहेत. तिकडे दुकानादुकानांत सूचना लागल्या, मागच्या वर्षीच्या बरण्या परत मागवणं चालू आहे. मावशी रोज सकाळी येते, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसते आणि भाचीला एकच विचारते, "किती राहिल्या?" कामाचं विचारत नाही, बंदीचं विचारत नाही. आज भाची म्हणाली, "एकशे बेचाळीस." मावशीने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बहिणी गेल्या त्याचं मी रडून घेतलं. आता मला त्या एकशे बेचाळीस दिसतात, कुणाच्या तरी घरी, पोरांचा हात पोहोचेल अशा फळीवर. माझ्यासारखंच लेबल, तीच तीन नावं. तुमच्या घरात तशी एखादी असेल तर पाया पडते, ती उघडू नका. त्या लेबलावर विश्वास ठेवू नका. आमच्यात लोणी आहे हो, लोणी आहे.