बिनभिंतीचा बिऱ्हाडकरू

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. माणसाच्या छातीत बिऱ्हाड करणं हा आमचा पिढीजात धंदा. देवाने मला इतकं लहान केलं, की माझ्याभोवती भिंत घालायचीही त्याला गरज वाटली नसावी. इतर जिवाणूंना भिंत असते. मी आपला उघड्यावरचा.

एकदा कुणाच्या तरी खोकल्याबरोबर उडालो आणि एका बिगुलवाल्या ताईच्या नाकात शिरलो. दोन-तीन आठवडे गुपचूप वाढलो. मग ताईला बारीक ताप आला, कोरडा खोकला लागला. शाळेच्या समारंभात बँडमधून ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. बँडचे सर म्हणाले, "महिनाभरात दम टिकला नाही, तर बिगुल दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, बाळ."

थोरला दादा म्हणाला, "बिगुल कशाला? खोकलाच वाजव. सुरात आहे!"

"गप रे, माकडा!" म्हणेपर्यंत तिला ढास लागली.

आईने कपाटातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. "दादाचा घसा यांनीच बरा झाला होता. उरल्यात, वाया कशाला घालवायच्या?"

मित्रांनो, मला पोट असतं तर पोट धरून हसलो असतो! त्या गोळ्या जिवाणूंची भिंत पाडणाऱ्या. माझं काय पाडणार? चार दिवसांत ताई जिना चढतानाही मध्येच बसू लागली.

शेवटी आई तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी छातीचा फोटो काढला, घशातला नमुना तपासला आणि ती पट्टी पाहून हसल्या. "अहो, ज्याला भिंतच नाही त्याच्यावर पहार चालवलीत तुम्ही! आता हे औषध. पाच दिवस, एकही चुकवायचा नाही."

या औषधाने माझी चूलच विझवली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ताई म्हणाली, "आई, बरी झाले मी. पुरे ना आता!"

मी आशेने ऐकू लागलो.

आई हळूच म्हणाली, "घेतलेला नेम अर्ध्यावर सोडत नाहीत गं. एकदा चुकले मी, पुन्हा नाही."

पाचही दिवस पार पडले. आमची वस्ती ओस पडली. खोकला मात्र रेंगाळत रेंगाळत गेला.

समारंभाच्या दिवशी एका कोपऱ्यात मी कसाबसा उरलो होतो. ताईने श्वास भरला. केवढा वारा आला म्हणून सांगू! सूर लांबत गेला, लांबत गेला, तुटला नाही. खाली दादा डोळे पुसत म्हणाला, "धूळ गेली."

मित्रांनो, खोकताना तोंडावर कोपर धरा आणि उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका. माझं बिऱ्हाड मोडेल, मोडू दे. तो सूर ऐकला आणि मलाच पटलं, ती जागा श्वासाचीच होती.