काचेच्या कपाटातली आत्या

आत्याचा तंबोरा आम्ही संग्रहालयाला दिला, तेव्हा तिचा आवाज त्यातच राहून गेला. घरी आत्या गप्प झाली आणि तिकडे काचेच्या कपाटातून तंबोरा लोकांना रागवायला लागला. "चपला घासत चालू नका! आणि ए टोपीवाल्या, पोटातून श्वास घे!"

लोक पोटातून श्वास घेत. गर्दी वाढली.

मला आत्यानंच वाढवलं. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं गाणं शिकवलं. माझा षड्ज मात्र कधी जागेवर लागला नाही. पण ती बोलेनाशी झाली आणि मला पोळीसुद्धा गोल लाटता येईना. शेवटी मी आवाज मागायला गेले.

"न्या की," अभिरक्षक खांबेटे म्हणाले. "पण तंबोरा मुका ठेवता येत नाही. बदली आवाज द्यावा लागेल."

"माझा बेसूर आहे हो."

"तशी पाटी लावू."

कपाटातून आत्या म्हणाली, "बेबी, बडबड पुरे. दोरा लाव."

पन्नाशीतही मी बेबीच.

तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवला की तंबोरा गुंजतो, एवढं मला येत होतं. खांबेट्यांनी कपाट उघडलं, तसा पदराचा एक धागा ओढून मी तारेखाली सरकवला. त्याचं दुसरं टोक साडीतच होतं. मी घराकडे निघाले, तशी साडी उसवत आली. बाजारात लोक पाय उचलून धागा ओलांडत होते.

"रंग छान आहे हो! कुठे घेतलीत?" एका बाईनं विचारलं. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

घरी पोचले तेव्हा साडीचा रुमाल उरला होता. परकर होता म्हणून निभावलं. सुई ओवताना धरते तसा आत्यानं धागा दातांत धरला.

"अगं, ही काय दशा करून घेतलीस!" ती म्हणाली. कान तृप्त झाले.

तेवढ्यात फोन वाजला. तो तिनंच घेतला.

"आजी, मी संग्रहालयातला रखवालदार गजबे. तुमची बेबी कपाटातून विचारतेय, चहा टाकू का?"

"फोन काचेला लावा," आत्या म्हणाली. "बेबी, चहा राहू दे. षड्ज लाव."

मी तिच्या समोरच उभी होते. धागा हलकेच ओढला. फोनमधून सा आला, किंचित उतरलेला. रुमालाची एक कड उसवली.

आत्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला.

"जवळ आलीस. पुन्हा."

मी पुन्हा ओढला. रुमाल बोटभर उरला होता.

"पुन्हा," आत्या म्हणाली.