फाटक्या कानाच्या घोड्याचे नवे घर

मी अठरा वर्षांचा तांबडा घोडा आहे. मंगोलियात, तामीर नदीच्या कुरणात जन्मलो. माझा डावा कान अर्धाच आहे, दातही पडायला लागले आहेत. माझ्याकडे पाहून आता कुणी थांबत नाही. तुम्ही मात्र घटकाभर थांबा, मित्रांनो. माझी हकिगत फार लांबलचक नाही.

माणसांशी माझी पहिली गाठ पडली ती फासामुळे. मी दोन वर्षांचा असताना लांब काठीचा दोर माझ्या गळ्यात पडला. चौघांनी मला आडवे पाडले आणि मांडीवर तापलेले लोखंड टेकवले. माझ्याच कातडीचा जळका वास मला अजून आठवतो. पुढे पाठीवर बसायला आलेल्या तिघांना मी फेकून दिले. त्यातल्या एकाचे मनगट मोडले. चौथी आली ती कळपाची मालकीण, हांदमा. तीही दोनदा पडली. तिसऱ्यांदा ओठातले रक्त बाहीला पुसत ती म्हणाली, "झालं तुझं? आता माझी पाळी." आणि बसलीच. पुढे कित्येक वर्षे माझ्यावर दुसरे कुणी बसले नाही.

एका कडक हिवाळ्यात भरदुपारी कळपावर लांडगे पडले. आम्ही पोचेपर्यंत एका शिंगराचे पोट त्यांनी फाडले होते. हांदमाने मला सरळ त्यांच्या अंगावर घातले. एक लांडगा माझ्या कानाला धरून लोंबकळला, दुसऱ्याने तिची मांडी फोडली. तिने रिकिबीतून पाय काढून पहिल्याच्या नाकाडावर बूट हाणला. माझा अर्धा कान तोंडात घेऊनच तो खाली पडला. मी त्याला तुडवला. तो हलायचा थांबला तरी मी तुडवतच होतो. शेवटी हांदमाने माझ्या मानेवर हात ठेवला. "पुरे रे. मेला तो." तंबूपाशी आल्यावर तिने आधी माझा कान धुतला, मग स्वतःची मांडी बांधली.

तीन वर्षांपूर्वी एका याक बैलाने तिला ढुशी देऊन कुंपणावर आदळले. तिच्या खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी खोगीर कायमचे बंद केले. तिची मुलगी उलानबातरला सातव्या मजल्यावर राहते. हांदमाने तिच्याकडे जायचे ठरले. कळप पुतण्याने घेतला. प्रश्न राहिला माझा. आमच्याकडे थंडी तोंडावर आली की म्हातारे घोडे कापतात आणि मांस हिवाळ्याला ठेवतात.

"काकू, हा काही पुढच्या वर्षीचं गवत बघत नाही," पुतण्या म्हणाला. "सुरी लावू या."

"आधी माझ्या मानेला लाव," हांदमा म्हणाली.

मग नदीपलीकडचा दाम्दिन आला. तोंडाचा फार गोड. "ताई, तुमचा घोडा म्हणजे आमच्या घरातलं वडीलधारं माणूस. नुसता चरेल," असे म्हणून तो मला घेऊन गेला.

तिसऱ्याच दिवशी त्याने मला रानटी शिंगरे धरायच्या कामाला जुंपले. माझा दम पुरेना. चाबकाची लाकडी मूठ त्याने माझ्या डोळ्यांच्या मधोमध मारली. घोड्याच्या तोंडावर मारणे आमच्याकडे अगदी नीचपणाचे समजतात, पण तिथे बघणारे कोण होते? लगामाच्या लोखंडाने जीभ चिरली. डावा डोळा सुजून मिटला. एकदा मी गुडघ्यांवर कोसळलो, तर त्याने बुटाने माझ्या बरगड्या ठेचल्या. मित्रांनो, लाथ मारावी असे माझ्या मनातसुद्धा आले नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

बाराव्या दिवशी, न कळवता, पुतण्याच्या जीपमधून हांदमा आली. कुबडी टेकत ती माझ्यापाशी आली आणि सुजलेल्या डोळ्यावरून तिने बोट फिरवले.

"तोंडावर मारलंस?"

"तो माझा घोडा आहे आता," दाम्दिन म्हणाला.

"होता."

तिने कुबडी फिरवली ती त्याच्या नाकावर. हाड मोडल्याचा आवाज मीही ऐकला. दाम्दिनने चाबूक उगारला, पण पुतण्याने त्याचा हात वरच्या वर धरून पिरगळला. तोल जाऊन हांदमा पडली. पडल्या पडल्या तिने माझा दोर घट्ट धरून ठेवला.

चार दिवसांनी लोचिन आला. हा एका पायाने लंगडा आहे. तो पाय मीच मोडला होता, सहा वर्षांपूर्वी, एका लाथेत.

"मला दे तो घोडा," तो म्हणाला.

"सूड घ्यायचाय?"

"चूक माझी होती, हांदमा. पिऊन आलो होतो. मागून जाऊन उगाच चाबूक मारला त्याला. हे कुणाला बोललो नाही मी. त्याने एकच लाथ घातली. मी त्याच्या खुरांखाली पडलो होतो. मनात आणलं असतं तर डोकं फोडलं असतं. तो नुसता उभा राहिला."

"जवळ जा त्याच्या," हांदमा म्हणाली.

तो आला. माणसाचा हात तोंडाकडे येताना दिसला आणि मी भेदरलो. त्याच्या खांद्याचा लचका तोडला. रक्त त्याच्या बाहीतून खाली ठिबकू लागले. त्याचा दुसरा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले.

तो हात माझ्या मानेवर आला. आणि तिथेच राहिला.

मग हांदमाने घोडा देतानाच्या रीतीप्रमाणे माझ्या आयाळीची एक बट कापून खिशात ठेवली आणि दोर लोचिनच्या हातात दिला. "डाव्या बाजूने येताना जपून. तिकडचं त्याला आता नीट दिसत नाही, आवाज देऊन ये."

"देईन," लोचिन म्हणाला.

त्याला दोन वर्षे झाली. दोन हिवाळे मी पाहिले. लोचिन मला गवत भिजवून घालतो आणि डावीकडून येताना अजूनही खाकरतो. हांदमा जीपने येते. येण्याआधी कधी कळवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचे म्हातारे जनावर कधी दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तर त्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका. जनावराने त्याला दुखवले की त्याचा हात कुठे जातो, तेवढे उभे राहून बघा. आणि दिल्यावरही एकदा जाऊन या. आम्हाला निरोप पाठवता येत नाही.