हिरव्या टोपीतली झुंबर

धुळ्याच्या मुलींच्या शाळेतली ड्रिलची बाई, झुंबर पुना पाटील, तीस पोरींना घेऊन एसटीनं जळगावला आली ती मॅच बघायला, असं सगळ्यांना वाटत होतं. ते खरं नव्हतं. तिला फक्त धनकुंवर आउट झालेली बघायची होती. शून्यावर झाली तर उत्तमच.

१९७५ चा फेब्रुवारी होता. ऑस्ट्रेलियाच्या मुलींचा संघ भारतात खेळायला आला होता आणि मोठ्या सामन्यांच्या आधी एक चाळीस षटकांचा सामना जळगावला ठरला होता. भारताच्या संघात जळगावची एकच पोरगी होती, धनकुंवर. अमृतलाल शेठ कापडवाल्यांची धाकटी. आदल्या संध्याकाळी स्टेशनपासून बँड लावून तिची मिरवणूक निघाली होती. तिच्या गळ्यात इतके हार पडले की तोंड दिसेना, असं तिथं ऐकून पोरींनी झुंबरला सांगितलं. झुंबर म्हणाली, "बरं झालं."

दोघी तीन वर्षं विद्यापीठाकडून एकत्र खेळल्या होत्या. झुंबर नरडाण्याजवळच्या खेड्यातली. बाप शेतकरी, गावात पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा, तोही आला तर. म्हणून भारताच्या शिबिरासाठी अर्ज भरताना तिनं पत्ता दिला तो धनकुंवरच्या घरचा. सामन्यांच्या वेळी ती त्यांच्याकडेच उतरायची. धनकुंवरची आई तिला ताटाशी बसवून गरम फुलके वाढायची.

झुंबरची निवड झाली. पत्र जळगावला आलं. ते धनकुंवरनं फोडलं, वाचलं, आणि शिबिराच्या लोकांना परत कळवलं, 'झुंबर पाटीलचं लग्न ठरलंय. घरच्यांनी तिचा खेळ बंद केलाय.' मग राखीव यादीतलं पुढचं नाव आत गेलं. ते धनकुंवरचं होतं.

झुंबरला हे आठ महिन्यांनी समजलं. जिल्हा स्पर्धेत तिचे जुने प्रशिक्षक तोताराम सर भेटले. तिच्या रिकाम्या गळ्याकडे बघत ते म्हणाले, "अगं, मंगळसूत्र कुठंय?"

"कसलं मंगळसूत्र, सर?"

धनकुंवरनं काय कळवलं होतं ते सरांनी सांगितलं तेव्हा ती मैदानाच्या कडेला उकिडवी बसली. घरी तिनं कोणाला काही सांगितलं नाही. फक्त रोज सकाळी शाळा भरायच्या आधी एकच स्टंप रोवायची आणि शंभर चेंडू टाकायची. त्या स्टंपला तिनं मनात एक नाव दिलं होतं.

सामन्याच्या सकाळी भलतंच घडलं. स्वागताच्या जेवणात पाहुण्यांनी भरीत हौसेनं खाल्लं होतं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. सकाळी चौघी अंथरुणातून उठेनात. दहाच जणी उभ्या राहू शकत होत्या. त्यांची कप्तान, जोन नावाची उंच, उन्हानं लाल झालेली बाई, मंडपात येऊन तोताराम सरांना म्हणाली, गावातली एखादी मुलगी द्या, अकरावी म्हणून.

सर त्या दिवशी अंपायर होते. त्यांनी मंडपाबाहेर नजर टाकली. धुळ्याच्या पोरींच्या मधोमध झुंबर उभी होती.

"झुंबर, खेळशील का? पण त्यांच्याकडून खेळावं लागेल."

"भारताच्या विरुद्ध?"

"दोस्तीचाच सामना आहे गं."

"खेळते," झुंबर म्हणाली. सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली.

कोणीतरी तिला हिरवी टोपी दिली. ती मैदानात उतरली तेव्हा आधी लोक हसले. मग कोणीतरी ओरडलं, "घरभेदी!" आणि मग सगळीकडून शिट्ट्या सुरू झाल्या. तिच्या शाळेच्या पोरी टाळ्या वाजवाव्यात की नाही, या विचारात पडल्या.

ऑस्ट्रेलियानं एकशे एकतीस केल्या. झुंबरची फलंदाजी आलीच नाही. जेवणानंतर भारत खेळायला आला. तिसरी विकेट पडल्यावर धनकुंवर आत आली आणि अख्खं मैदान उभं राहिलं. पहिल्या रांगेत अमृतलाल शेठ पगडी घालून बसले होते.

धनकुंवरनं झुंबरला बघितलं आणि ती थबकली. झुंबर चेंडू चोळत तिच्या जवळून गेली. तिला कळेल, ऑस्ट्रेलियन पोरींना कळणार नाही, अशा बोलीत म्हणाली, "मनं लगीन कव्हय व्हयनं वं?"

माझं लग्न कधी झालं गं? धनकुंवरचा चेहरा उतरला.

तिनं उत्तर बॅटनं दिलं. झुंबरच्या पहिल्या षटकात तिनं दोन चौकार मारले, दुसऱ्यात तीन. झुंबर रागानं आखूड टाकत होती आणि धनकुंवर मागे सरकून तो चेंडू फटकावत होती. तिसऱ्या षटकात एक चेंडू धनकुंवरच्या बरगडीवर बसला. ती वाकली, दोन मिनिटं श्वास घेत राहिली, आणि पुढच्याच चेंडूला पुन्हा चौकार. लोकांनी टोप्या उडवल्या. कप्तान जोननं झुंबरच्या हातातून चेंडू काढून घेतला. झुंबर सीमारेषेवर जाऊन उभी राहिली. तिथे तिच्यावर शेंगांची टरफलं आली, केळ्याची सालं आली. तिनं ती पायानं बाजूला केली.

दुसऱ्या टोकाला मात्र विकेटी पडत गेल्या. एकोणचाळिसाव्या षटकाला भारताच्या नऊ पडल्या होत्या आणि चारच धावा हव्या होत्या. धनकुंवर सदुसष्ट. समोर अकरावी फलंदाज, बॅट कशीबशी धरणारी. ऑस्ट्रेलियाची वेगवान गोलंदाज पोट धरून मंडपात गेली होती. जोननं नाइलाजानं चेंडू झुंबरकडे फेकला.

स्ट्राइक अकराव्या पोरीकडे होती. धनकुंवर झुंबरच्या बाजूला, पळायच्या तयारीत. तिला कसंही करून समोर जायचं होतं. पहिला चेंडू वाया गेला. झुंबरनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, चेंडू हातातून सुटायच्या आत धनकुंवर रेषा सोडून दोन पावलं पुढे होती. दुसऱ्याला तीन पावलं.

तिसऱ्या चेंडूला झुंबर धावत आली, थांबली, आणि चेंडू न टाकता वळून तिनं बेल्स उडवल्या. धनकुंवर रेषेच्या चांगली हातभर बाहेर होती.

"हाउज दॅट?"

तोताराम सर बोट वर करेनात. ते तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "झुंबर, मागे घे. आधी एकदा ताकीद द्यायची रीत असते."

"मला कोणी ताकीद दिली होती, सर?"

सरांनी कप्तानबाईंना विचारलं, अपील कायम ठेवायचं का. जोननं झुंबरकडे पाहिलं, मग धनकुंवरकडे. या दोघींमध्ये काहीतरी आहे एवढं तिला कळलं असावं. तिनं विचारलं, नियमात बसतं का? सर म्हणाले, बसतं. मग आउट, ती म्हणाली आणि खांदे उडवून चालू लागली.

सरांचं बोट वर गेलं. भारत तीन धावांनी हरला. ऑस्ट्रेलियाच्या पोरींनी एकमेकींशी हात मिळवले. झुंबरशी कोणी मिळवला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मंडपाच्या मागे ती पायातले बूट काढत होती तेव्हा धनकुंवर आली. पॅड तसेच, डोळे कोरडे.

"लग्न माझं ठरलं होतं," ती म्हणाली. "तुझं नाही. बाबूजी म्हणाले, देशाच्या टीममध्ये नाव आलं तर दोन वर्षं थांबेन, नाहीतर वैशाखात बार उडवून देईन. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. मी माझंच लग्न तुझ्या नावावर लिहिलं."

झुंबर लेस सोडत राहिली. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दिली असतीस जागा?"

झुंबरनं विचार केला. खोटं बोलायची तिची तयारी होती, पण जीभ वळेना.

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तू माझं चोरलंस. मी तुझं घेतलं, आणि ते सगळ्या गावासमोर घेतलं. लपून नाही."

धनकुंवर पॅडचे पट्टे सोडू लागली. "बाबूजी आत्ताच बोलले. आता पुरे म्हणतात. गावात नाक कापलं गेलं. मोठ्या सामन्यांना पाठवत नाहीत."

हे ऐकून झुंबरचा हात थांबला. एवढं तिनं मागितलं नव्हतं. पण परत करावं असंही तिला वाटलं नाही.

"तुझ्या आईला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली आणि दुसरा बूट काढू लागली.

धनकुंवर गेली. तिनं माफी मागितली नव्हती, आणि झुंबरला ती नकोही होती.

परतीच्या एसटीत एरंडोल गेलं तरी पोरींपैकी कोणी गाणं काढलं नाही. शेवटी शाळेच्या संघाची यष्टिरक्षक, दोंडाईच्याची तानू, मागे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही असं का केलं?"

झुंबरनं सगळं सांगितलं. अगदी 'दिली असतीस जागा?' हा प्रश्न आणि तिनं दिलेलं उत्तरसुद्धा.

"मी तर पहिल्याच चेंडूला केलं असतं," एक पोरगी फणकाऱ्यानं म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

"मी नसतं केलं," तानू म्हणाली. "मी तिला त्रिफळाचीत केलं असतं."

"मलाही तेच करायचं होतं," झुंबर म्हणाली. "जमलं नाही. तिनं मला पाच चौकार मारले, मोजले होतेस ना?"

"सहा, बाई."

पारोळ्याला गाडी थांबली. झुंबर खाली उतरली आणि टपरीवरची गरम भजी घेऊन तिथेच उभ्यानं खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता भूक चांगलीच लागली होती. बऱ्याच पोरी खिडकीतून नुसत्या बघत राहिल्या. तानू तेवढी उतरली, तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि न विचारता तिच्या कागदातलं एक भजं उचललं.