माहीत नाही म्हणणारा संगणक

मित्रांनो, मी जुना संगणक आहे, हे मला मान्य आहे. माझा पंखा घरघरतो आणि कीबोर्डवरचा 'क' पार पुसला गेला आहे. पण मी थापा मारत नाही. त्यापायी मला अडगळीत जावं लागलं, तरी मारल्या नाहीत.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत अकरा वर्षं मी तक्रारी टिपत होतो. माझ्यासमोर फोन घ्यायला ताई बसायची. तिचा थोरला भाऊ तिथेच मेकॅनिक होता. कामावरून मेकॅनिक फोन करायचे, "ताई, लाल दिवा लुकलुकतोय, काय करू?" मग ती दुरुस्तीच्या जुन्या वह्या उलटत बसायची. एके दिवशी तिने ठरवलं, या वह्यांनाच बोलतं करायचं.

गप्पा मारणारी तयार साधनं माझ्या तुटपुंज्या मेमरीत मावेनात. तेव्हा ताईने माझ्यासाठी नवी प्रोग्रामिंगची भाषाच रचायला घेतली, अगदी शून्यापासून. एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने टाइप करत. वह्यांतल्या सगळ्या नोंदीही तिने माझ्यात उतरवल्या. महिनाभराने मला दोन आकड्यांची बेरीज जमली. सातव्या महिन्यात मी पहिलं धड वाक्य बोललो आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत हसत सुटली. त्या भाषेत तिने एक अट घातली होती. प्रत्येक उत्तरामागे कुणाची तरी नोंद हवी. नसेल, तर मी म्हणायचं, 'माहीत नाही. हात लावू नका.'

मेकॅनिकांनी माझं कौतुक केलं. मालकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"गिऱ्हाइकासमोर यंत्र 'माहीत नाही' म्हणतं? ती अट काढून टाक."

"नाही काढणार," ताई म्हणाली.

"मग हे डबडं इथे नको."

मी कोठीत गेलो, दोरखंडांच्या रिळांवर. माझ्या जागी नवं, गोडबोलं साधन आलं. ते कशालाच अडत नसे. माझ्यावर धूळ साचली, पण मला पश्चात्ताप झाला नाही.

एका दुपारी कोठीचं दार धाडकन उघडलं. ताईने ओढणीने माझा पडदा पुसला, वायर जोडली. फोनवर तिचा दादा होता, एका जुन्या लिफ्टखालच्या खड्ड्यात.

"नवीन साधन म्हणतंय, मी खड्ड्यात असताना वर जोडीदाराने ब्रेकचा नट सैल केला, तरी लिफ्ट जागची हलणार नाही. तू काय म्हणतेस?"

तिने मला विचारलं. मी सगळ्या वह्या धुंडाळल्या आणि लिहिलं, 'माहीत नाही. हात लावू नका.'

"दादा, आधी बाहेर ये. लिफ्ट साखळीने बांध, मगच नट सोड."

तो कुरकुरत बाहेर आला, साखळी बांधली आणि वर जाऊन नट सोडला. लिफ्ट दणकन खाली सरकली आणि साखळीला लोंबकळत राहिली. खड्ड्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी दादा माझ्यासमोर बसला. एका बोटाने 'क' शोधत त्याने त्या लिफ्टची नोंद स्वतः टाइप केली. मालक दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला परत टेबलावर ठेवायला सांगितलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, त्यांच्यातल्या नोंदी जपा. मी कधीतरी बंद पडेन. तेव्हा ताईची भाषा खुशाल नव्या संगणकावर न्या, पण ती अट गाळायला जाऊ नका. गाळलीत, तर भाषा चालणारच नाही. ताईने ती तशीच बनवली आहे.