उघड्यावरचं आयरिस

आयरिसचं फुलझाड जूनमध्ये एकदा फुलतं आणि मग बर्फ पडेपर्यंत नुसती पानं मिरवत बसतं, हे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या मिनेसोटात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आर्डिस टोलेफसनला ते मान्य नव्हतं. दक्षिणेकडच्या राज्यांत पानगळीत पुन्हा फुलणाऱ्या जाती होत्या. त्या इथे आणल्या की दुसऱ्या बहराचे दांडे वर यायचे खरे, पण कळी उमलायच्या आत थंडी त्यांचा चोथा करायची. या थंडीला न जुमानणारी जात कुणी करत नव्हतं, म्हणून आर्डिसने करायला घेतली. एका फुलाचे पराग चिमट्याने काढून दुसऱ्याला लावायचे, बोंड पिकलं की बी पेरायचं आणि पहिल्या फुलासाठी तीन तीन वर्षं वाट बघायची. पानगळीत जे पुन्हा फुललं नाही ते रोप उपटून खतात. असं करता करता बाईंची सत्तरी उलटली. आणखी किती वेळा पेरायला मिळणार आहे, हा हिशोब तिला कळत होता, पण तो ती कुणाला बोलू देत नव्हती.

वसंतात चर्चच्या तळघरात आयरिस क्लबची बैठक झाली. अध्यक्ष हार्लन ब्रेके कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "आर्डिस, इथल्या मातीतून दुसऱ्यांदा काही उठणार असेल ना, तर ते थेट मेलेले उठतील त्या शेवटच्या निवाड्याच्या दिवशी!" सगळे खो खो हसले. हार्लन शाळेत तिच्या वर्गातला, आणि पहिलीपासूनच आगाऊ.

"ऑक्टोबरात ये," आर्डिस म्हणाली. "आणि येताना डोळे घेऊन ये."

क्लबचा नियम साधा होता. फूल मोकळ्या जमिनीत, वर काहीही न झाकता उमललं पाहिजे आणि अध्यक्षाने ते स्वतः पाहिलं पाहिजे. त्या वर्षी तिच्या एका निळ्या फुलांच्या रोपाने सप्टेंबरातच दांडा काढला. हार्लनने ऑक्टोबरातल्या एका शनिवारी यायचं कबूल केलं. वरची कळी टरारून फुगली होती, खालच्या दोन मागे होत्या.

आदल्या संध्याकाळी रेडिओने थंडीचा इशारा दिला. तो ऐकला की आमच्याकडे माणसं जुन्या चादरी घेऊन बाहेर पळतात. कुणी टोमॅटो झाकतं, कुणी शेवंती. गल्लीभर धुणं जमिनीवर वाळत घातल्यासारखं दिसतं. आर्डिसचा नवरा ऑर्विलही चादरी घेऊन निघाला.

"निळ्याला हात लावलास तर याद राख," आर्डिसने बजावलं.

सकाळी ती बाहेर आली तर निळ्यावर चादर होती. तिने ती ओढून काढली. खाली फूल उमललं होतं. टवटवीत, कुठे डाग नाही.

"ऑर्विल!"

तो दारात आला. "फुललं की नाही?"

"चादरीखाली फुललं! ते तर कुणाचंही फुलेल. गेलं ना सगळं मुसळ केरात!"

"कुणाला कळणार आहे? चादर घडी करून ठेवतो."

"मला कळलंय ना."

ऑर्विलचा चेहरा पडला. "मागच्या वर्षी काळा पडलेला दांडा हातात घेऊन तू दिवसभर पायरीवर बसली होतीस. माझ्याने ते पुन्हा बघवलं नसतं, आर्डिस."

तिला त्याची दया आली आणि रागही आला. राग जास्त होता.

दुपारी हार्लन आला, वाकला आणि तसाच राहिला. "आयला," तो म्हणाला. "खरंच फुललंय की!"

हे शब्द ऐकायला आर्डिस किती वर्षं थांबली होती. "हे हिशोबात धरू नकोस," ती म्हणाली. "रात्री यावर चादर होती."

ऑर्विलने कपाळावर हात मारला. हार्लनने टोपी काढून डोकं खाजवलं. "जाऊ दे गं. एवढी खपलीस, या वयात... सगळ्यांना सांगतो उघड्यावर फुललं म्हणून. कोण विचारतंय?"

त्याचं हसणं तिने पचवलं होतं. ही दया मात्र तिच्या नाकाला मिरचीसारखी झोंबली. तिने खिशातली कात्री काढली, फूल कचकन कापलं आणि त्याच्या हातात दिलं. "बायकोच्या टेबलावर ठेव. अजून दोन कळ्या आहेत. आज रात्री थंडी कालच्याहून कडक आहे आणि चादर नाही. उद्या चर्च सुटलं की ये."

"काळा दांडा बघायला बोलावतेस?"

"काळा पडला तर तुझ्या हाताने उपट. आणि तळघरात उभा राहून सगळ्यांना सांग."

रविवारी सकाळी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यावर जाड बर्फ धरला होता. गल्लीतले टोमॅटो चादरीखाली असूनही गेले. निळ्याची सगळी पानं पांढरी झाली होती. खालची कळी लोळागोळा होऊन लोंबत होती. मधली ताठ होती, पण कडक, आणि आत जीव आहे की नाही ते बघून कळत नव्हतं. आर्डिस त्या दिवशी चर्चला गेली नाही. बादली पालथी घालून ती वाफ्याशी बसली आणि कळीला बोटसुद्धा लावलं नाही.

ऊन वर आलं, पानांवरचं पांढरं वितळून ठिबकलं, आणि हळूहळू कळी सुटू लागली.

हार्लन प्रार्थनेनंतरची कॉफी सोडून आला. गुडघे कुरकुरवत खाली बसला.

"कडा करपलीय," तो म्हणाला.

"करपलीय."

"एक पाकळी उघडलीच नाही."

"नाही उघडली."

"दिसायला काही खास नाही हं, आर्डिस."

"खास दिसेल असं कोण म्हणालं होतं? फुलेल म्हणाले होते."

हार्लनने फूल सगळीकडून निरखलं. मग म्हणाला, "फुललंय. मान्य. पण लोक म्हणतील, वाफा घराच्या दक्षिण भिंतीला लागून आहे, ही त्या उन्हाच्या भिंतीची ऊब आहे."

आर्डिस उठली. कुदळ आणून तिने त्याच रोपाच्या बाजूचा एक कंद पानांसकट उकरला आणि त्याच्या ओंजळीत आदळला. "तुझ्या घराच्या उत्तरेला लाव."

"आत्ता? वेड लागलंय का? मुळं धरायच्या आत जमीन गोठेल. गोठलेली माती कंद वर ढकलून देईल."

"मग मरेल. मेला तर मी तोंडातून ब्र काढणार नाही. जगला तर पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात तुझ्या दारात खुर्ची टाकून बसेन, फुलेपर्यंत."

"आणि तोवर तुला काही झालं तर?"

"तर तू बस," आर्डिस म्हणाली.

हार्लनने तिच्याकडे पाहिलं, कंदाकडे पाहिलं आणि मातीसकट तो रविवारच्या चांगल्या कोटाच्या खिशात घातला.